रात्री हाणामारी, सकाळी कोर्ट : डेअरडेव्हिलबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात सुपरहिरोंवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर मला वाटलं होतं 'बॅटमॅन भारी की सुपरमॅन' टाइप मेल येतील. आले तेही, पण गठ्ठा सगळा डेअरडेव्हिलवरच. कारण उघड आहे, २०२५ च्या मार्चमध्ये 'बॉर्न अगेन' जिओहॉटस्टारवर आली आणि मग लोकांनी मागे जाऊन २०१५ ते २०१८ चे नेटफ्लिक्सवाले तीन सीझनपण उपसले. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी : मॅट मरडॉक, न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातला वकील, लहानपणी अपघातात डोळ्यात किरणोत्सारी रसायन गेलं आणि दृष्टी गेली, पण कान, नाक, स्पर्श सगळं भयंकर तीक्ष्ण झालं. दिवसा गरिबांच्या केसेस लढतो, रात्री मास्क घालून गुंडांना बडवतो. १९६४ मध्ये स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी हे पात्र आणलं. पुढे स्पॉयलर आहेत बरं का, नंतर तक्रार नको.

सांगलीहून एक वाचक लिहितात : ताई, हा माणूस कोर्टात उभा राहून सांगतो की प्रत्येक आरोपीला आपली बाजू मांडायचा हक्क आहे, आणि रात्री तसल्याच आरोपीच्या बरगड्या मोडतो. हा सरळ सरळ ढोंगीपणा आहे ना? हिरो आहे म्हणून आपण सोडून देतो का त्याला?

ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण ढोंगी माणसाचा निदान एका बाजूवर तरी विश्वास नसतो आणि याचा दोन्हीवर पक्का विश्वास आहे, तोच तर सगळा घोळ आहे. मुळात गंमत बघा, मॅटचे वडील जॅक हे बॉक्सर, त्यांनी पोराकडून वचन घेतलेलं की तू हात उचलायचा नाही, अभ्यास करायचा, माझ्यासारखं व्हायचं नाही. पुढे फिक्स झालेल्या मॅचमध्ये हरायला नकार दिला म्हणून वडिलांचा खून होतो. आणि १९६४ च्या पहिल्याच अंकात मॅट काय पळवाट काढतो, की वचन मॅट मरडॉकनं दिलंय ना, मग मी दुसराच कोणीतरी होतो, त्याला वचन लागू नाही! म्हणजे तो मास्क ओळख लपवायला आहेच पण त्याच्याही आधी ती एक वकिली पळवाट आहे, मेलेल्या बापाशी केलेल्या कराराला शोधलेली. मला हे पात्र आवडतं ते इथपासून.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. सगळे जण 'पण तो मारत नाही ना कोणाला' हे सर्टिफिकेट त्याला देतात. नेटफ्लिक्सवाल्या पहिल्या सीझनचा दुसरा एपिसोड परत बघा. पळवून नेलेल्या मुलाचा पत्ता काढायचाय, गच्चीवर एका रशियन गुंडाला बांधलंय, आणि नर्स क्लेअर त्याला सांगते की डोळ्याच्या वर नेमकं कुठं टोचलं की सगळ्यात जास्त दुखेल. तो टोचतो. पत्ता मिळतो. मग त्या माणसाला गच्चीवरून खाली ढकलून देतो, खाली कचऱ्याचा मोठा डबा असतो त्यात तो पडतो, मरत नाही, कोमात जातो. आता मला सांगा यात मॅटचं तत्त्व कुठं आलं? डबा एक फूट बाजूला असता तर? तो माणूस वाचला याचं श्रेय त्या डब्याला आहे. सीरिज बघताना आपण टाळ्या वाजवतो कारण मुलगा खरंच पळवलेला असतो, आपल्याला ते आधी दाखवलेलं असतं.

माझं सरळ मत असंय की मारतो की नाही मारतो हा डेअरडेव्हिलचा सोपा प्रश्न आहे. अवघड प्रश्न वेगळाच : त्या गच्चीवरच्या माणसाला उलटतपासणीचा चान्स आहे का? कोर्टात मॅट स्वतः साक्षीदाराला उभा-आडवा घेतो, तू खरंच बघितलंस का, अंधार किती होता, चष्मा होता का डोळ्यावर. रात्री त्याला हे कोणीच विचारू शकत नाही. आरोप करणारा तोच, तपास त्याचाच, निकाल आणि शिक्षापण तोच, आणि अपील कुठं करायचं तर कुठंच नाही.

वसईहून एक वाचक : आम्ही कॅथलिक. मॅटचं कन्फेशन बघताना घरात वाद झाला. माझी आई म्हणते असं पापनिवेदन होतच नाही, फादरनी त्याला हाकलून द्यायला पाहिजे होतं. कोण बरोबर?

तुमच्या आईच बरोबर, आणि सीरिजमधले फादर लँटमसुद्धा त्यांच्याच बाजूनं आहेत. पहिल्या एपिसोडची सुरुवातच तशी आहे, मॅट कन्फेशनला बसतो, वडिलांबद्दल बोलतो आणि शेवटी म्हणतो की मी केलेल्याची माफी मागत नाहीये, जे करायला चाललोय त्याची मागतोय. फादर म्हणतात बाबा, हे असं चालत नाही. तुम्हाला माहीतच असेल पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते, कॅथलिक शिकवणीत पापक्षमेसाठी नुसतं सांगून टाकणं पुरत नाही, खरा पश्चात्ताप लागतो आणि परत ते पाप करणार नाही असा निश्चय लागतो. मॅटचा तर रोज रात्री आठला परत बाहेर पडायचा निश्चय असतो. ॲडव्हान्स बुकिंग केलेली माफी म्हणजे माफीच नाही.

धर्मशास्त्रात याच्यावर जुना विचार आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं लिहून ठेवलंय की स्वतःचा जीव वाचवताना समोरचा मेला तर ते पाप नाही, पण त्याला मारायचाच हेतू असता कामा नये आणि बळ गरजेपुरतंच वापरायचं. आणि गुन्हेगाराला मृत्युदंड देणं हे फक्त सार्वजनिक सत्तेचं काम, खासगी माणसाचं नाही, हेपण तिथंच आहे. मॅट यातलं शेवटचं वाक्य पाळतो (बहुतेक वेळा), पण गरजेपुरतं बळ? अहो पडलेल्या माणसाला तो अजून चार ठोसे लावतो. फादरसमोर त्याला खरं बोचतं ते वेगळंच आहे, त्याला भीती आहे की हे सगळं करताना आपल्याला मजा येतेय. ते तो पूर्णपणे कधीच कबूल करत नाही. लेखकांनी ते तसंच अर्धवट ठेवलंय ते एक बरं केलं.

नाशिकहून अकरावीतला एक वाचक : पनिशरचं (जो गुंडांना सरळ मारूनच टाकतो) लॉजिक मला करेक्ट वाटतं. डेअरडेव्हिल गुंडांना धरून देतो, ते जामिनावर सुटतात, परत कोणाचातरी जीव घेतात. मग त्या जिवाला डेअरडेव्हिल जबाबदार नाही का? गच्चीवरच्या त्या सीनमध्ये मला तरी पनिशरच जिंकला असं वाटलं.

तुझं म्हणणं उडवून लावणार नाही, कारण त्या सीनमध्ये मॅटकडे खरंच धड उत्तर नाहीये. (सीन असा : दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या एपिसोडमध्ये फ्रँक कॅसल, म्हणजे पनिशर, मॅटला गच्चीवरच्या धुराड्याला साखळदंडांनी बांधतो, हातात पिस्तूल टेपनं चिकटवतो, आत एकच गोळी, समोर ग्रोटो नावाचा गुंड. फ्रँक म्हणतो मला गोळी घाल, नाहीतर मी याला मारतो.) मॅट गोळी साखळीवर झाडतो, सुटतो, पण तोपर्यंत फ्रँकनं ग्रोटोला उडवलेलं असतं. आता यात एक गोष्ट सुटते बघ तुझ्या नजरेतून. ग्रोटो हा मॅटच्या फर्मचा अशील आहे. मरायच्या आधी फ्रँक त्याच्याकडून वदवून घेतो की त्यानं एका म्हातारीचा खून केलाय, आणि ते ऐकून आपल्यालाही वाटतं जाऊ दे मेला तर. पण वकिलाच्या डोळ्यासमोर त्याचा अशील मारला गेलाय, आणि वाचवायला तो वकील म्हणून काहीच करू शकत नाही कारण तो वकील म्हणून तिथं नाहीच आहे.

हा सीन मूळ २००० सालच्या कॉमिकमधला, गार्थ एनिस आणि स्टीव्ह डिलनचा. तिथं जास्त कडू आहे प्रकरण. कॉमिकमध्ये डेअरडेव्हिल खरंच पनिशरवर ट्रिगर ओढतो! आणि मग कळतं की पिस्तुलाची फायरिंग पिनच काढलेली होती, गोळी सुटणारच नव्हती. फ्रँकला फक्त बघायचं होतं. सीरिजवाल्यांनी तिथं मॅटला वाचवलं, मला ते जरा मिळमिळीत वाटलं खरं.

आणि सुटून गेलेल्या गुंडानं पुढे खून केला तर जबाबदार कोण, तर तो गुंड. मग तपास नीट न करणारा पोलीस, मग साक्षीदाराला संरक्षण न देणारं सरकार. हे लांबलचक आहे, कंटाळवाणं आहे, आणि दर वेळी 'मग मारूनच टाकायचं ना' हे उत्तर तयारच असतं. पण फ्रँकचं लॉजिक घेऊन खरी माणसं काय करतात तेपण बघ. पनिशर १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये आला तो स्पायडरमॅनला मारायला निघालेला माणूस म्हणून, हिरो म्हणून नाही. त्याची ती कवटीची खूण पुढे अमेरिकेत सैनिकांच्या आणि नंतर पोलिसांच्या गाड्यांवर दिसायला लागली. त्याच्या निर्मात्यांपैकी एक, गेरी कॉनवे यांनी यावर जाहीर नाराजी दाखवली, त्यांचं म्हणणं होतं की पनिशर म्हणजे न्यायव्यवस्था फेल गेल्याची खूण, ती पोलिसांनीच मिरवायची म्हणजे कमालच झाली. २०१९ च्या एका अंकात तर खुद्द फ्रँक पोलिसांच्या गाडीवरचं ते स्टिकर फाडतो आणि सांगतो की तुम्हाला आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिका आहे ना. 'बॉर्न अगेन'मध्ये फिस्क, म्हणजे डेअरडेव्हिलचा मुख्य खलनायक, मेयर झाल्यावर जो टास्क फोर्स काढतो त्यातल्या पोलिसांच्या अंगावर तीच कवटी असते, ते आलंय ते इथून. तुझं वय लक्षात घेता अजून एक, जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, केस चालूच असते. एवढं क्लिअर असू दे, परीक्षेत नाही पण आयुष्यात लागतं.

छत्रपती संभाजीनगरहून एक निवृत्त वाचक, कोर्टात नोकरी केलेले : मास्कवाल्यानं गोळा केलेला पुरावा कोर्टात चालेल का? मला तरी पहिल्याच तारखेला केस उडेल असं वाटतं.

साहेब, अशा प्रश्नाची मी वाटच बघत होते. अर्धी केस उडेल, अर्धी राहील. अमेरिकेत पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन मिळवलेला पुरावा राज्यांच्या कोर्टातही चालत नाही हे १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो निकालानंतर पक्कं झालं. पण ते बंधन सरकारवर आहे, खासगी माणसावर नाही. १९२१ चा बर्डो विरुद्ध मॅकडॉवेल म्हणून एक निकाल आहे, त्यात खासगी लोकांनी चोरून आणलेली कागदपत्रं सरकारी वकिलांना वापरता येतील असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं. म्हणजे डेअरडेव्हिलनं फिस्कच्या माणसांची हिशेबाची वही उचलून पोलिसांच्या टेबलावर टाकली तर ती चालू शकते. मात्र एकदा का पोलिसांनी त्याला सांगून, किंवा त्याच्याशी संगनमतानं हे सुरू केलं, की तो पोलिसांचा हस्तक ठरतो आणि मग सगळी बंधनं लागू. सीरिजमधला तो सार्जंट ब्रेट महोनी, ज्याला डेअरडेव्हिल अधूनमधून माणसं आणून देतो, त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून बचावाच्या वकिलानं दहा मिनिटं विचारलं तर बघा काय होतं. आणि तो बचावाचा वकील मॅटच असू शकतो हा भाग वेगळा.

पण गच्चीवरच्या कबुलीजबाबांचं काय? ते मात्र साफ गेले. न्यूयॉर्कच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातच आहे की मारहाण करून किंवा मारायची धमकी देऊन घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालत नाही, आणि तो कोणीही घेतलेला असो, पोलीसच पाहिजे असं नाही. म्हणजे ज्या पद्धतीनं हा माणूस रोज रात्री माहिती काढतो, ती पद्धत त्याच्याच शहराच्या कोर्टात शून्य किमतीची आहे आणि वकील असल्यामुळे हे त्याला नक्की माहितीये. आपल्याकडे पुराव्याबाबत कोर्टं जास्त सैल आहेत हे तुम्ही मला सांगाल, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेचं प्रकरण, फोनवरचं बोलणं टेप केलेलं, आणि सुप्रीम कोर्टानं म्हटलं की पुरावा संबंधित असेल तर तो मिळवण्याची पद्धत चुकीची असली तरी तेवढ्यानं तो बाद होत नाही. मॅट मुंबईत असता तर त्याचं काम थोडं सोपं झालं असतं.

मास्क घालून साक्ष द्यायचं काय, तर आरोपीला साक्षीदाराच्या समोरासमोर येण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेत आहे, सहावी दुरुस्ती. यावर कॉमिकमध्ये एक अख्खी कथा आहे, २०१७ मधली, चार्ल्स सोल यांनी लिहिलेली (ते स्वतः वकील आहेत), त्यात सुपरहिरोंना मास्कमध्येच साक्ष देता यावी म्हणून मॅट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडतो आणि जिंकतो. कथा मस्त आहे, मला निकाल पटला नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या पूर्वीच्या खोट्या साक्षी, त्याचं आरोपीशी असलेलं वैर, हे उलटतपासणीत काढणार कसं?

ठाण्याहून एक आई : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. सीरिज त्याच्या मोठ्या चुलतभावासोबत बघितली (मला उशिरा कळलं). आता म्हणतो की पोलीस काही करत नाहीत, आपल्याकडेपण डेअरडेव्हिल पाहिजे, लोकांनीच धरून मारायला पाहिजे. त्याला काय सांगू?

सीरिज मोठ्यांची आहे, तेराव्या वर्षी नको होती, पण झालं ते झालं. त्याला ओरडू नका, त्याच्या डोक्यात जे आलंय ते नागपूरच्या अख्ख्या एका वस्तीच्या डोक्यात आलं होतं. १३ ऑगस्ट २००४, नागपूरचं जिल्हा कोर्ट, अक्कू यादव. कस्तुरबा नगर वस्तीत त्याची वर्षानुवर्षं दहशत, बलात्कार, खून, खंडणीचे आरोप, आणि बायका तक्रारी करून थकल्या होत्या. त्या दिवशी त्याला कोर्टात आणलं होतं आणि जमावानं, त्यात बहुतेक बायका, तिथंच कोर्टाच्या आत त्याला संपवला. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. मी स्वतः त्या बायकांना दोष द्यायला कचरते, खरंच सांगते. हे मुलाला सांगा, लपवू नका, नाहीतर त्याला वाटेल आई फक्त पोलिसांची बाजू घेते.

आणि मग लगेच दुसरी गोष्ट सांगा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, साक्री तालुका. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. व्हॉट्सॲपवर मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फिरत होती. आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना ठार मारलं. त्या जमावाला पण वाटत होतं की आपण पोरांना वाचवतोय. दोन वर्षांनी पालघरच्या गडचिंचल्यात तसंच झालं, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर.

आता मुलाला विचारा की डेअरडेव्हिल आणि राईनपाड्याचा जमाव यात फरक काय? तो हुशार असेल तर म्हणेल की डेअरडेव्हिलला समोरच्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, खोटं बोलला की कळतं. बरोबर! लेखकांनी ही चीटिंग केलीय. त्याच्या छातीत, म्हणजे कानात, खोटं पकडायचं मशीन बसवून दिलंय म्हणून आपल्याला त्याची मारहाण खपते. खऱ्या माणसाकडे ते मशीन नाही, त्याच्याकडे फॉरवर्ड आलेला मेसेज आहे. आणि ते मशीनपण फसतं : १९८२ च्या, कॉमिकचे लेखक फ्रँक मिलर यांच्या काळातल्या एका कथेत मॅट एका ड्रग विकणाऱ्याची केस घेतो, ठोके ऐकतो, एकदम शांत, म्हणजे माणूस खरं बोलतोय असं समजून त्याला निर्दोष सोडवतो. त्या माणसाला पेसमेकर बसवलेला असतो! तो सुटल्यावर मॅटला हे कळतं. सीरिज दाखवलीच आहे तर ही कथापण त्याला सांगा.

कायद्यात सामान्य माणसाला हात बांधून ठेवलेलं नाहीये हेही त्याला कळू दे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला बळ वापरायचा हक्क आहेच. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर कोणीही नागरिक त्या माणसाला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं. धरायचं आणि द्यायचं. मधे धुवायचं असं कुठल्याच कलमात नाही.

न्यू जर्सीहून एक वाचक : आम्ही दर महिन्याला हेल्स किचनला जेवायला जातो, तिथं गुंड सोडा, परवडेल असं घरसुद्धा दिसत नाही. हे सगळं काल्पनिकच आहे का?

आज काल्पनिक आहे हो, तुमच्याइतकं ते कोणाला माहीत असणार. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथं वेस्टीज म्हणून आयरिश टोळी होती आणि न्यूयॉर्कमध्ये लोक सबवेत बसायला घाबरायचे. डेअरडेव्हिलचं काळं रूप त्याच काळात घडलं. त्या काळचा खरा मास्क नसलेला 'हिरो' म्हणजे बर्नहार्ड गेट्झ, २२ डिसेंबर १९८४ ला त्यानं सबवेत चार कृष्णवर्णीय पोरांना गोळ्या घातल्या, म्हणाला मला लुटणार होते. चौघंही वाचले, एक जण कमरेखाली कायमचा लुळा झाला. पेपरांनी आणि शहरातल्या बऱ्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९८७ मध्ये ज्युरीनं खुनाच्या प्रयत्नातून सोडलं, विनापरवाना बंदुकीसाठी शिक्षा झाली, आणि १९९६ मध्ये दिवाणी केसमध्ये त्या लुळ्या झालेल्या माणसाला ४ कोटी ३० लाख डॉलर द्यायचा आदेश झाला. एकच माणूस, एकच डबा, दोन ज्युरी, दोन निकाल. आणि लाल टोपीवाले गार्डियन एंजल्स तर तुम्ही बघितलेच असतील, १९७९ पासूनचे, त्यांच्या कर्टिस स्लिवा यांनी १९९२ मध्ये मान्य केलं की सुरुवातीचे काही पराक्रम बनवलेले होते. ते नंतर मेयरच्या निवडणुकीलापण उभे राहिले. कॉमिकवाल्यांना काही सुचायची गरजच पडत नाही त्या शहरात.

कोल्हापूरहून एक वाचक : शेवटचा प्रश्न माझा घ्या. या भावानं कधी एकदा तरी स्वतः शिक्षा भोगलीय का? का सगळं दुसऱ्यांनाच?

भोगलीय, आणि माझ्या मते तीच त्याची सगळ्यात चांगली कथा आहे. २०१९ मध्ये चिप झडार्स्की यांनी डेअरडेव्हिलचं कॉमिक लिहायला घेतलं आणि मार्को केकेट्टो यांनी चित्रं काढली. पहिल्याच अंकात डेअरडेव्हिल चोऱ्या करणाऱ्या साध्या पोरांना बडवतो, नेहमीसारखंच, काही विशेष नाही. त्यातला एक जण नंतर मरतो. डोक्याला मार. ना तो फिस्क, ना बुल्सआय, कोणी मोठा खलनायक नाही, किरकोळ चोर. मॅट आधी मानायलाच तयार नाही, म्हणतो माझ्या ठोशानं कसा मरेल, मला माहीत असतं किती जोरात मारायचं. वर मी त्या कचऱ्याच्या डब्याबद्दल बोलले ना, तो डबा या वेळी तिथं नव्हता. कोल नॉर्थ नावाचा पोलीस त्याच्या मागे लागतो, तो शिकागोहून नवीन आलेला, त्याचं म्हणणं एकच की मास्क घातला म्हणून तू कायद्याच्या वर नाहीस, आणि वाचताना लाज वाटते इतकं त्याचं म्हणणं बरोबर असतं.

पुढे डेअरडेव्हिल स्वतः कोर्टात उभा राहतो, गुन्हा कबूल करतो आणि दोन वर्षांसाठी जेलमध्ये जातो. पण मास्क घालूनच! नाव सांगत नाही. मॅट मरडॉकची सनद शाबूत, इज्जत शाबूत. काही लोकांना हे फार उदात्त वाटतं, मला विचाराल तर अर्धीच शिक्षा भोगली त्यानं, मेलेल्या पोराच्या घरच्यांना अजूनही माहीत नाही की कोणाच्या हातून गेला. तरी बाकीच्या मास्कवाल्यांनी एवढंही केलेलं नाही. 'बॉर्न अगेन'च्या पहिल्या एपिसोडमध्ये तर जिवलग मित्र आणि वकिलीतला भागीदार फॉगी मेल्यावर मॅट त्याच्या खुन्याला, पॉइंडेक्स्टरला (म्हणजेच बुल्सआय), छतावरून सरळ ढकलतो, जीव घ्यायच्याच इराद्यानं. तो पडूनही जगतो, केस त्याच्यावर चालते, त्याला जन्मठेप होते, आणि ढकलणारा नंतर सूट घालून दुसऱ्या आरोपीचा बचाव करायला कोर्टात.

वाचायचं असेल तर २०१९ च्या पहिल्या अंकापासूनच सुरू करा, मागचं काही माहीत नसलं तरी चालतं. आणि पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कृपया 'थॉरचा हातोडा कोण उचलेल' हा पाठवू नका, त्याचे आधीच खूप पडून आहेत.